पॅनलचं उद्घाटन झालं, आता शिकण्याचं कधी?

गेल्या वर्षी मराठवाड्यातल्या माझ्या तालुक्याच्या गावी एका शाळेच्या कार्यक्रमाला गेलो होतो. शाळा आपल्याच लोकांच्या ट्रस्टची, उर्दू माध्यमाची. आठवीच्या वर्गात भिंतभर टच पॅनल बसवलं होतं. फीत कापली गेली, हार-शाली झाल्या, ट्रस्टच्या बुजुर्गांनी सांगितलं की आता आपली मुलंही कुणापेक्षा कमी नाहीत. गावातून इंजिनिअर होऊन पुण्याला गेलेला म्हणून मलाही स्टेजवर खुर्ची होती. पॅनल सुरू झालं. विस्तार सूत्रांचं अॅनिमेशन, फिरणारे रंगीत ठोकळे, मागे संगीत, इंग्रजीत निवेदन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसलो. पहिल्या बाकावरच्या मुलीला वहीत ६१२ भागिले ६ करायला सांगितलं. तिनं १२ लिहिलं. शेजारच्या दोघींनीही १२ लिहिलं. चौथीनं १०२ लिहिलं होतं. तिनं शेजारणीची वही पाहिली, आपलं उत्तर खोडलं आणि १२ केलं.

त्या खोडलेल्या शून्यामुळे हा लेख लिहितोय.

या मुलींना आठवीपर्यंत कुणी स्थानिक किंमत समजावली नव्हती, असं नाही. तिसरीत शिकवली असेल, चौथीतही. पण ती समजली का, हे कुणी तपासलं नाही. वर्ग पुढे सरकत गेला आणि त्या मागे राहिल्या. आता त्यांच्यासमोर भिंतभर पॅनल आहे, त्यावर इंग्रजीतून आठवीचं बीजगणित चालू आहे, घरात त्या दखनी बोलतात आणि भागाकारातलं शून्य त्यांना सापडत नाही. या चारही गोष्टी एकाच वर्गात, एकाच वेळी आहेत. फोटोत मात्र फक्त पॅनल येतं.

माझं म्हणणं सरळ आहे. माणूस कसा शिकतो याचा विचार न करता वर्गात आणलेलं तंत्रज्ञान म्हणजे फर्निचर. महागडं फर्निचर. आणि समाजाचा पैसा, जो दहा-दहा, शंभर-शंभर रुपयांनी गोळा होतो, तो आपण या फर्निचरवर घालतोय.

हे मी तंत्रज्ञानाचा शत्रू म्हणून बोलत नाही. माझी रोजीरोटीच कोडवर आहे. उलट नोकरीच्या सुरुवातीची तीन वर्षं मी शाळांसाठी अॅप बनवणाऱ्या एका कंपनीत होतो, म्हणून आतलं माहीत आहे. आमच्या डॅशबोर्डवर एक आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात असायचा: मूल रोज किती मिनिटं अॅपवर थांबलं. मुलं चुकली की अॅप बंद करतात हे आमच्या लक्षात आलं. मग आम्ही काय केलं? प्रश्न सोपे केले. चार पर्यायांतले दोन उघड चुकीचे ठेवले, बरोबर उत्तराला फटाके उडवले, सलग सात दिवस आलं की बक्षिसाचा बिल्ला दिला. मिनिटं वाढली. आम्हाला बोनस मिळाला. मुलं काय शिकली, हा आकडा आमच्या पडद्यावर नव्हताच. ते कोड लिहिणाऱ्यांत मी होतो, हे कबूल करूनच पुढे लिहितो.

यंत्रानं शिक्षण बदलेल, ही आशा आपल्या पिढीची नाही. एडिसननं १९१३ मध्ये भाकीत केलं होतं की चलचित्रांमुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील. पुस्तकं अजून दप्तरात आहेत. आपल्याकडे १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम पोचवण्याचा प्रयोग झाला. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली, माझ्या वयाच्या कित्येकांना तिचे कार्यक्रम आठवत असतील, आणि २०१७ मध्ये ती बंद पडली. दर वेळी पडदा नवा होता. दर वेळी मूल त्याच्यासमोर हाताची घडी घालून बसलेलं होतं.

या इतिहासात एक माणूस वेगळा निघाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला. त्याला दोन गोष्टी खटकल्या. काही मुलांचं लवकर आटपलं होतं आणि ती रिकामी बसली होती, काहींना काहीच जमत नव्हतं, पण सगळ्यांना एकाच वेगानं हाकललं जात होतं. आणि आपलं उत्तर बरोबर की चूक, हे कुणालाच त्या क्षणी कळत नव्हतं. वह्या तपासून दुसऱ्या दिवशी मिळणार होत्या. त्यानं घरी जाऊन लाकडी पेटीचं शिकवणारं यंत्र बनवायला घेतलं. स्किनरचा वर्तनवाद मला पूर्ण पटत नाही. मूल म्हणजे दाणा टाकला की बटण दाबणारं कबूतर नव्हे. पण क्रम बघा: आधी वर्गात बसला, आधी अडचण ओळखली, मग यंत्राला हात घातला. आपण आधी यंत्र विकत घेतो आणि मग त्याला काय लावायचं ते शोधतो.

'पण संशोधन काय सांगतं?' असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं. आपल्या शेजारच्या गुजरातमधली दोन उदाहरणं घेऊ.

वडोदऱ्यात २००२ ते २००४ या काळात 'प्रथम' संस्थेनं महापालिका शाळांतल्या चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकावर दोन मुलं. खेळ मुलाच्या पातळीप्रमाणे सोपा-अवघड होत जाई. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं मोजमाप केलं आणि गणितात स्पष्ट सुधारणा दिसली. छान. आता दुसरं उदाहरण. ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञानं गुजरातमध्येच 'ज्ञानशाला' संस्थेच्या वर्गांत संगणकावरच्या गणिताचा अभ्यास केला. तिथे एकच कार्यक्रम दोन पद्धतींनी राबवला होता. काही ठिकाणी संगणक शाळेच्या वेळात, बाईंच्या शिकवण्याच्या जागी. काही ठिकाणी शाळा सुटल्यावर, शिकवण्याच्या जोडीला. जोडीला दिला तिथे मुलं पुढे गेली, विशेषतः मागे राहिलेली. जागी दिला तिथे मुलं संगणक नसलेल्या मुलांपेक्षाही मागे पडली.

कार्यक्रम तोच, राज्य तेच. फरक फक्त एवढाच की चांगल्या चाललेल्या शिकवण्याच्या जागी यंत्र बसवलं की त्याच्या मदतीला.

तिसरं उदाहरण पेरू देशाचं. तिथल्या सरकारनं २००८ पासून गरीब ग्रामीण शाळांतल्या मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गणितात आणि भाषेत मुलांच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. लॅपटॉप पोचले होते, पण शिक्षक त्याचं काय करणार आणि मूल त्यातून कसं शिकणार, हे पोचलं नव्हतं.

चौथं दिल्लीचं. शाळेनंतरच्या केंद्रांत 'माइंडस्पार्क' नावाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या चाचणीत सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेलं होतं. सॉफ्टवेअरनं आधी प्रत्येक मूल खरोखर कुठे आहे ते शोधलं आणि तिथून सुरुवात केली. जोडीला लहान गटात शिकवणारा माणूसही होता. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली वाढ दिसली.

नववीतलं मूल साडेचार इयत्ता मागे, म्हणजे चौथी-पाचवीत. आमच्या गावातल्या त्या चार मुली आठवा आणि भिंतीवरची विस्तार सूत्रं आठवा. पॅनल कुणासाठी चालू होतं?

इथे सिद्धांत कामाला येतो. डी.एड., बी.एड. केलेल्यांना ही नावं परीक्षेपुरती पाठ असतात. पण सिद्धांत म्हणजे परीक्षेतली टीप नव्हे, ते वापरायचं हत्यार आहे. मला उपयोगी वाटणाऱ्या चार गोष्टी सांगतो, प्रत्येकीला एक साधन जोडून.

पहिली, विसरणं. एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्ये दाखवलं की शिकलेलं आपण सुरुवातीला फार झपाट्यानं विसरतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणजे वाचताना 'आलं, आलं' वाटतं ते फसवं असतं. डोक्यातून बाहेर काढण्याची मेहनत केली की टिकतं.

हे आपल्या घरांत नवीन नाही. माझा मामेभाऊ हाफिज आहे. त्याच्या मदरशात रोज तीन गोष्टी होत: नवा सबक, गेल्या काही दिवसांचा सबक आणि फार पूर्वी पाठ केलेल्या भागाची उजळणी. नावं ठिकाणाप्रमाणे बदलतात. कुणी सबकी म्हणतं, कुणी आमोख्ता, कुणी मंजिल. आणि तिन्ही उस्तादांना न बघता म्हणून दाखवायच्या. अंतराअंतरानं उजळणी आणि आठवून सांगणं, ही दोन्ही तत्त्वं तिथे शेकडो वर्षं चालू आहेत. ज्या घरातला एक मुलगा असा शिकतो, त्याच घरातली त्याची बहीण शाळेत विज्ञानाचा धडा एकदा ऐकते आणि थेट सहामाहीला त्याचा प्रश्न पाहते. पण घाई नको. पाठ होणं म्हणजे समजणं नव्हे, आणि मदरशातही, शाळेतही आपण ही गल्लत फार केली आहे. घ्यायचं ते उजळणीचं तंत्र; अर्थ विचारायची सवय आपल्याला वेगळी लावावी लागेल.

साधन? सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं १९७० च्या दशकात सांगितलेली पत्त्यांची पेटी. बुटाच्या खोक्यात पाच कप्पे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्या. पहिला कप्पा रोज, पुढचे हळूहळू उशिरा. हेच काम मोबाइलवर 'अंकी' नावाचं सॉफ्टवेअर करतं. खोक्याचा खर्च शून्य.

दुसरी गोष्ट, पातळी. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगोत्स्की १९३४ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी वारला. त्याची एक कल्पना मागे उरली: मूल एकटं जे करू शकतं आणि कुणाच्या तरी मदतीनं जे करू शकतं, यांच्या मधल्या पट्ट्यात शिकणं घडतं. त्या पट्ट्याच्या खाली कंटाळा, वर भीती. आमच्या चार मुलींसाठी विस्तार सूत्रं त्या पट्ट्याच्या कितीतरी वर आहेत. म्हणून पॅनल घेण्याआधी पाच प्रश्नांची चाचणी घ्या: एक वजाबाकी हातच्याची, एक भागाकार शून्याचा, एक अपूर्णांक, एक उतारा वाचून सांगणं, एक वाक्य स्वतःच्या मनानं लिहिणं. मग इयत्ता विसरून पातळीप्रमाणे रोज एक तास गट करा. शिक्षकाकडे एक मोबाइल असेल तर 'प्लिकर्स'सारखी कागदी कार्डं वापरता येतात. मूल कार्ड ज्या बाजूनं धरेल ते त्याचं उत्तर, मोबाइलनं वर्गावरून कॅमेरा फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते कळतं. आणि शेजारणीला कार्डावरून उत्तर सहज ओळखता येत नाही. त्या चौथ्या मुलीचं १०२ वाचलं असतं.

तिसरी, डोक्यावरचा भार. एका वेळी आपण फार थोडी नवी माहिती सांभाळू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलरनं १९८० च्या दशकात यावर सिद्धांत मांडला. पाठोपाठ रिचर्ड मेयरनं प्रयोगांतून दाखवलं की धड्यात असंबद्ध चित्रं, संगीत, चटकदार माहिती घातली तर शिकणं घटतं. आता पॅनलवरचं ते अॅनिमेशन आठवा. परकी भाषा, फिरते ठोकळे, संगीत, आणि त्यात नवं गणित. मुलीचं सगळं बळ भाषा उलगडण्यातच खर्च होतं. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात, उर्दू माध्यमाचीही पुस्तकं बालभारती काढते. निदान तिथून सुरुवात करा. आवाज बंद ठेवा आणि बाईंना त्यांच्या भाषेत बोलू द्या.

चौथी, हातानं घडवणं. पियाजेबरोबर जिनिव्हात काम केलेल्या सेमूर पॅपर्टनं सहकाऱ्यांसोबत १९६७ मध्ये मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा बनवली. त्याची तक्रार अशी की शाळेत संगणक मुलाला चालवतो; त्याला हवं होतं की मुलानं संगणकाला चालवावं. आपल्याकडे २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आल्यावर ज्ञानरचनावाद हा शब्द गावोगावी पोचला. साताऱ्याच्या कुमठे बीटच्या शिक्षकांनी खरंच काम केलं होतं, म्हणून त्यांच्या शाळा पाहायला लोक जात. पण कित्येक ठिकाणी परत येताना लोकांनी फक्त रंगवलेली फरशी आणली. फरशी रंगली, विचार तिथेच राहिला. पॅनलचंही तेच होतंय.

पॅनल आधीच बसलं असेल तर काढून टाका असं मी म्हणत नाही. 'जिओजेब्रा' फुकट आहे, ते उघडा. त्रिकोण काढा. टोक ओढण्याआधी प्रत्येकीला वहीत लिहायला लावा: त्रिकोण मोठा केला तर तिन्ही कोनांची बेरीज वाढेल, घटेल की तीच राहील? मग एका मुलीला पुढे बोलवा, तिलाच टोक ओढू द्या. वर्गात वाद होऊ द्या. तेच पॅनल, पण आता मुली विचार करताहेत. आणि विक्रेता येऊन 'काही मुलं डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी' असं सांगू लागला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या एका गटानं या कल्पनेचा आढावा घेतला. तिच्याप्रमाणे शिकवल्यानं फायदा होतो याला पुरेसा आधार सापडला नाही.

आता आक्षेप. त्या कार्यक्रमानंतर मी हे ट्रस्टच्या एका चाचांना बोललो. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, समोरच्या इंग्रजी शाळेत पॅनल आहे. आमच्या पोरींनी का म्हणून खाली मान घालायची? तू स्वतः कॉम्प्युटरवर कमावतोस आणि आमच्या लेकरांना बुटाचं खोकं दाखवतोस?"

हा आक्षेप हलका नाही. ज्यांच्या वाट्याला कायम उरलंसुरलं आलं, त्यांना चकचकीत वस्तूची आस असणं साहजिक आहे. सन्मान ही खरी भूक आहे. पण चाचा, खाली मान पॅनल नसल्यानं जात नाही. नववीत गणिताचा पेपर कोरा ठेवताना जाते. शाळा सुटते तेव्हा जाते. सच्चर समितीनं २००६ मध्ये नोंदवलं होतं की ६ ते १४ वयोगटातल्या एक चतुर्थांश मुस्लिम मुलांनी एकतर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं किंवा मधूनच सोडली होती. त्यानंतर बरंच बदललं, मुलींची पावलं शाळेकडे वळली. पण जी मूल काही न कळता आठ वर्षं वर्गात बसतं, त्याच्यासाठी घरच्यांनाही एक दिवस वाटू लागतं की आता पुरे. मुलगा गॅरेजवर जातो, मुलीसाठी स्थळं येऊ लागतात. त्या घराला आपण 'शिक्षणाबद्दल अनास्था' म्हणतो. आठ वर्षांत आपण तिला भागाकारातलं एक शून्य देऊ शकलो नाही, ही अनास्था कुणाची?

म्हणून तरुण मित्र-मैत्रिणींनो, ही गोष्ट बुजुर्गांवर ढकलून चालणार नाही. ट्रस्टच्या सभेला जा. पुढच्या वेळी स्मार्ट क्लासचा ठराव आला की उभं राहून चार प्रश्न विचारा. मुलं आज कोणत्या पातळीवर आहेत, याची यादी आहे का? हे साधन त्यांची नेमकी कोणती अडचण सोडवणार? ते वापरताना मूल काय करणार, बघत बसणार की काही करणार? सहा महिन्यांनी शिकणं वाढलं की नाही, हे कोण आणि कसं मोजणार? उत्तरं नसतील तर तो पैसा एका जास्तीच्या शिक्षिकेच्या पगारासाठी मागा. आपल्या गावात बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या मुली कमी नाहीत.

आणि इंजिनिअर असाल तर आठवड्याचे दोन तास द्या. अॅप बनवायला नको. वर्गात बसायला.

मी आता महिन्यातून दोन शनिवार गावी जातो. आमच्याकडे एक मोबाइल, कागदी कार्डं आणि सोळा खोकी आहेत. पॅनल बहुतेक वेळा बंद असतं. गेल्या महिन्यात ८३२ भागिले ८ दिलं. बऱ्याच जणींनी १४ लिहिलं. त्या चौथ्या मुलीनं १०४ लिहिलं, आजूबाजूला पाहिलं, आणि उत्तर खोडलं नाही. मी कारण विचारलं तर तिनं शेजारणीकडे वळून दखनीत समजावायला सुरुवात केली. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.